स्निपेट लिहिलं, सेव्ह केलं, टॅब दाबला आणि काहीच झालं नाही

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये स्वतःचं स्निपेट, म्हणजे आखूड शब्द टाइप करून टॅब दाबला की उमटणारा ठरावीक मजकूर, तयार करणं अवघड नाही. मेनूतून किंवा कमांड पॅलेटमधून (कमांड शोधण्याची चौकट) ‘कॉन्फिगर स्निपेट्स’ उघडायचं, भाषा निवडायची आणि समोर येणाऱ्या जेसन (कंस आणि कोटांत माहिती लिहिण्याची पद्धत) फाइलमध्ये तीन गोष्टी भरायच्या: स्निपेटचं नाव, प्रीफिक्स म्हणजे आपण टाइप करणार तो आखूड शब्द, आणि बॉडी म्हणजे त्याच्या जागी उमटणारा मजकूर. सेव्ह केलं की झालं. एडिटर बंद करून पुन्हा उघडावाही लागत नाही.

तरी ‘माझं स्निपेट येतच नाही’ हा प्रश्न संपत नाही. ‘काल चालत होतं, आज चालत नाही.’ ‘मित्राच्या लॅपटॉपवर चालतं, माझ्याकडे नाही.’ ‘एका फाइलमध्ये येतं, दुसऱ्या फाइलमध्ये येत नाही.’ तक्रार एकच दिसते, पण तिच्यामागची कारणं डझनभर आहेत. त्यामुळे गेल्या वेळी लागू पडलेला उपाय या वेळी पडत नाही. अशा वेळी लोक हमखास एक गोष्ट करतात: फाइल उघडून स्निपेट पुन्हा पहिल्यापासून लिहितात. ते करू नका. बऱ्याचदा स्निपेट ठणठणीत असतं आणि दोष त्याच्या आजूबाजूला असतो.

(सेटिंग आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरच्या शोधपट्टीत ती अर्थातच इंग्रजीत टाकायची.)

आधी एकच तपासणी

ज्या फाइलमध्ये स्निपेट चालत नाही तीच फाइल उघडा. कर्सर नेमका त्याच जागी ठेवा जिथे स्निपेट हवं होतं. मग कंट्रोल-शिफ्ट-पी, मॅकवर कमांड-शिफ्ट-पी, दाबून कमांड पॅलेट उघडा आणि ‘इन्सर्ट स्निपेट’ ही कमांड चालवा. कर्सरच्या जागी जी भाषा लागू आहे तिच्यासाठी एडिटरला माहीत असलेल्या सगळ्या स्निपेटांची यादी उघडते.

तुमचं स्निपेट यादीत नसेल, तर एडिटरने ते वाचलेलंच नाही किंवा या भाषेसाठी धरलेलं नाही. दोष फाइलमध्ये किंवा भाषेच्या नावात आहे. टॅबच्या सेटिंगशी खेळून काही मिळणार नाही. यादीत असेल आणि निवडल्यावर मजकूर बरोबर उमटला, तर स्निपेट निर्दोष आहे. त्याला हात लावू नका, दोष सजेशनमध्ये, म्हणजे टाइप करताना एडिटर सुचवतो त्या यादीत, किंवा कीबोर्डमध्ये आहे. आणि यादीत आहे पण निवडल्यावर मजकूर वेडावाकडा येतो, तर गडबड बॉडीमधल्या चिन्हांत आहे.

ही यादी उघडली की प्रत्येक नावाच्या उजवीकडे डोळ्याचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं तर ते स्निपेट यादीत राहतं, पण टाइप करताना सुचवलं जात नाही. चुकून कधी तिथे क्लिक झालेलं असतं आणि आपल्या लक्षातही नसतं. पुढे जाण्याआधी तेवढं बघून घ्या.

यादीत नावच नाही

इथे पहिला संशय भाषेच्या नावावर. एडिटर फाइलला जी भाषा मानतो तिची एक आतली ओळख असते आणि ती आपण बोलताना वापरतो त्याहून वेगळी असू शकते. रिअ‍ॅक्टवाले इथे सर्वाधिक अडकतात. जावास्क्रिप्टच्या फाइलसाठी लिहिलेलं स्निपेट जेएसएक्स फाइलमध्ये दिसत नाही, कारण एडिटरच्या लेखी ती ‘जावास्क्रिप्ट’ नसून ‘जावास्क्रिप्टरिअ‍ॅक्ट’ नावाची वेगळी भाषा आहे. टीएसएक्सचंही तसंच. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचं एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला जोडायची जादा सोय, टाकलंत आणि टेम्प्लेट ‘जँगो-एचटीएमएल’ म्हणून उघडू लागली की एचटीएमएलची स्निपेटं तिथून गायब. ‘काल चालत होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा काल टाकलेलं एक्स्टेंशन असतं.

आतली ओळख शोधायला खालच्या पट्टीत उजवीकडे भाषेचं नाव असतं, त्यावर क्लिक करा. जी यादी येते तिच्यात प्रत्येक नावापुढे कंसात ती ओळख लिहिलेली असते. सी-प्लस-प्लसची ‘सीपीपी’, शेलची ‘शेलस्क्रिप्ट’. स्निपेटची फाइल तुम्ही हाताने बनवली असेल तर तिचं नाव या ओळखीशी अक्षरशः जुळलं पाहिजे. पायथनची स्निपेटं ‘पीवाय’ नावाच्या जेसन फाइलमध्ये ठेवली तर एडिटर तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून फाइल हाताने बनवूच नये, कॉन्फिगर स्निपेट्समधूनच उघडावी, असं माझं मत आहे.

एकच स्निपेट अनेक भाषांत हवं असेल तर ग्लोबल फाइल वापरा. तिच्या नावाचा शेवट ‘डॉट कोड-स्निपेट्स’ असा असतो. त्यातल्या प्रत्येक स्निपेटला ‘स्कोप’ नावाची ओळ देता येते आणि तिच्यात भाषांच्या ओळखी कॉमा देऊन लिहायच्या. स्कोप दिलाच नाही तर ते सगळ्या भाषांना लागू. सब्लाइम टेक्स्टवरून आलेली मंडळी इथे सवयीने ‘सोर्स डॉट पायथन’ असं लिहितात. सब्लाइममध्ये ते बरोबर आहे, इथे नाही. इथे फक्त ‘पायथन’. एरर येत नाही, लाल रेघ येत नाही, स्निपेट निमूटपणे बेपत्ता राहतं.

प्रोजेक्टपुरती स्निपेटं ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ठेवतात. ती गिटमधून अख्ख्या टीमला मिळतात, म्हणून सोयीची. पण तिथेही फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट कोड-स्निपेट्स’च हवा, साध्या ‘डॉट जेसन’ नावाची फाइल ठेवलीत तर ती वाचली जात नाही.

पीएचपीवाल्यांसाठी एक खास गाठ. पीएचपी फाइलमध्ये सुरुवातीच्या टॅगच्या बाहेरचा सगळा भाग एडिटर एचटीएमएल मानतो. म्हणजे भाषा फाइलची नव्हे, कर्सरच्या जागेची बघितली जाते. रिकाम्या पीएचपी फाइलमध्ये पीएचपीचं स्निपेट येत नसेल तर हे कारण. एचटीएमएल फाइलमधल्या स्क्रिप्ट टॅगच्या आत उलट घडतं: तिथे जावास्क्रिप्टची स्निपेटं मिळतात. शंका असेल तर कमांड पॅलेटमधून ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा. कर्सरखालची भाषा कोणती ते स्पष्ट लिहून येतं.

प्रोफाइल बदललं असेल तर? व्हीएस कोडमध्ये कामापरत्वे वेगवेगळी प्रोफाइल करता येतात आणि प्रत्येकाची स्निपेटं वेगळी असू शकतात. शिकवण्यासाठी किंवा प्रेझेंटेशनसाठी मोठ्या अक्षरांचं प्रोफाइल लावलं आणि ते तसंच राहिलं, की सगळी स्निपेटं एका झटक्यात गेल्यासारखी वाटतात. गेलेली नसतात. मूळ प्रोफाइलवर परत या.

राहिला जेसनचा सांगाडा. सगळी स्निपेटं बाहेरच्या एकाच महिरपी कंसाच्या आत हवीत. नेटवरून उचललेलं दुसरं स्निपेट शेवटच्या कंसाच्या खाली चिकटवलं जातं आणि ते कधीच वाचलं जात नाही. दोन स्निपेटांना एकच नाव दिलं तर खालचं टिकतं, वरचं जातं. प्रीफिक्स वेगळा असला तरी फायदा नाही, कारण ओळख नावावरून ठरते. आणि वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉपी केलेल्या कोडमध्ये सरळ डबल कोटच्या जागी वळणदार अवतरणचिन्हं आलेली असतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, जेसनला जाणवतो. रंग बिघडला किंवा लाल रेघ दिसली की आधी कोट पुसून पुन्हा टाइप करा.

यादीत आहे, पण टाइप केल्यावर सुचत नाही

मार्कडाउनमध्ये नोट्स लिहिणाऱ्यांची ही नेहमीची रड. मार्कडाउन फाइलमध्ये टाइप करता करता येणारी सजेशनं मुळातच बंद ठेवलेली असतात, आणि ते योग्यच आहे. निबंध लिहिताना दर शब्दाला यादी उघडली तर कोण वैतागणार नाही? कोडमध्येसुद्धा कॉमेंट आणि स्ट्रिंगच्या आत ती बंद असतात. त्यामुळे ‘टूडू’ कॉमेंटसाठी हौसेने केलेलं स्निपेट नेमकं कॉमेंटमध्येच सुचत नाही. अशा जागी कंट्रोल-स्पेस दाबून यादी मागवा, किंवा ‘एडिटर डॉट क्विकसजेशन्स’ या सेटिंगमध्ये कॉमेंट आणि स्ट्रिंगसाठी वेगवेगळं चालू करा. मार्कडाउनचं चालू करायचं तर ते त्या भाषेच्या स्वतंत्र सेटिंगमध्ये करावं लागतं. सर्वसाधारण सेटिंग बदलून उपयोग नाही, कारण भाषेची सेटिंग वरचढ ठरते.

टॅब दाबल्यावर स्निपेट न येता नुसती जागा सरकते का? मग हे आपल्या वेगाचं फळ. सजेशनची यादी उघडेपर्यंत थांबलो तर टॅब स्निपेट घेतो. त्याआधीच दाबला तर तो साधा टॅब ठरतो. ‘एडिटर डॉट टॅबकम्प्लीशन’ ही सेटिंग मुळात बंद असते. ती ‘ओन्लीस्निपेट्स’ करा. मग यादी उघडो न उघडो, प्रीफिक्स पूर्ण टाइप करून टॅब दाबला की स्निपेट आलंच. स्वतःची स्निपेटं वापरणाऱ्या प्रत्येकाने ही एक सेटिंग पहिल्या दिवशी बदलावी.

टॅब दाबल्यावर कर्सरच एडिटर सोडून भलत्याच बटणावर जातो, असं होत असेल तर कारण अगदी वेगळं. विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-एम दाबलं की टॅबचं काम बदलतं: तो एका बटणावरून दुसऱ्यावर उडी मारायला लागतो. माउसशिवाय काम करणाऱ्यांसाठी ती सोय आहे, पण कंट्रोल-एन दाबायला जावं आणि शेजारचं एम दाबलं जावं, हे रोजचंच. खालच्या पट्टीत ‘टॅब मूव्ह्ज फोकस’ असं लिहिलेलं दिसेल. तीच की पुन्हा दाबा. मॅकवर ती कंट्रोल-शिफ्ट-एम.

हल्ली त्यात एआयची भर पडली आहे. फिकट अक्षरांत पुढचा कोड सुचवणारी एक्स्टेंशनं तो स्वीकारण्यासाठी टॅबच मागतात. तुम्ही स्निपेटसाठी टॅब दाबता आणि फिकट अक्षरांतला मजकूर पक्का होऊन बसतो. एस्केप दाबून आधी तो घालवा, मग टॅब. किंवा त्या सुचवणीला दुसरी की द्या. एचटीएमएलमध्ये अशीच ओढाताण एमेटशी, म्हणजे आखूड खुणांवरून टॅग उमटवणाऱ्या एडिटरमधल्या सोयीशी, होते. प्रीफिक्स म्हणून एखाद्या टॅगचं नाव किंवा नुसतं उद्गारचिन्ह ठेवलंत तर तिथे एमेट आधीपासून ठाण मांडून आहे. प्रीफिक्स बदलणं सोपं.

प्रीफिक्सबद्दल इतकंच सांगेन: तीन ते पाच अक्षरं, विरामचिन्हं टाळा, आणि भाषेत आधीच असलेला शब्द घेऊ नका. ‘फॉर’ असा प्रीफिक्स ठेवला की यादीत भाषेचा कीवर्ड, एडिटरचं स्वतःचं स्निपेट आणि तुमचं, सगळे एकाखाली एक. आपली स्निपेटं वर हवी असतील तर ‘एडिटर डॉट स्निपेटसजेशन्स’ला ‘टॉप’ द्या. याच सेटिंगची ‘नन’ ही किंमत स्निपेटं सजेशनमधून पूर्ण काढून टाकते. एकाच प्रोजेक्टमध्ये स्निपेटं येत नसतील तर त्या प्रोजेक्टच्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमधली सेटिंग्जची फाइल उघडून बघा. कुणीतरी तिथे ‘नन’ लिहून ठेवलेलं असू शकतं आणि प्रोजेक्टची सेटिंग तुमच्या वैयक्तिक सेटिंगवर मात करते.

कीबोर्ड मराठीत आहे का?

हे कारण इंग्रजी मदत-पानांवर सापडणार नाही, आणि आपल्याकडे ते सतत घडतं. वेबसाइटचा मजकूर मराठीत लिहितोय, मध्येच कोड लिहायचाय, कीबोर्ड देवनागरीतच राहिलाय. प्रीफिक्सच्या जागी भलतीच अक्षरं उमटली तर निदान लगेच कळतं. पण स्निपेट फाइलमध्येच कीबोर्ड मराठीत राहिला तर पंचाईत होते. डॉलर-एक, डॉलर-दोन या टॅबच्या थांब्यांसाठी, म्हणजे स्निपेट उमटल्यावर टॅब दाबत कर्सर ज्या जागांवर जातो त्यांच्यासाठी, आकडा इंग्रजीच लागतो. देवनागरी एक किंवा दोन लिहिला तर एडिटर त्याला थांबा मानत नाही, तो साधा मजकूर म्हणून जसाच्या तसा छापला जातो. बॉडीतला बाकीचा मजकूर, थांब्याच्या आत लिहिलेली सूचना, स्निपेटचं वर्णन हे सगळं मराठीत खुशाल लिहा. चिन्हं आणि आकडे तेवढे इंग्रजी ठेवा.

प्रीफिक्ससुद्धा मराठीत ठेवता येतो, पण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांपासून लांब राहा. तो ऱ्या युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱला हलन्त जोडून, किंवा साध्या रला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कोणता कीबोर्ड कोणती पद्धत वापरेल सांगता येत नाही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, एडिटरला ते वेगळे शब्द वाटतात, आणि मग एका मशीनवर चालणारं स्निपेट दुसऱ्यावर चालत नाही.

मॅकवाल्यांची अडचण आणखी वेगळी. दोन कीबोर्ड भाषा लावल्या की कंट्रोल-स्पेस हा मॅकचा भाषा बदलण्याचा शॉर्टकट होतो. म्हणजे सजेशन मागायला जावं तर यादी उघडतच नाही, उलट कीबोर्ड मराठीवर जातो, आणि पुढचा शब्द देवनागरीत उमटतो. एकाच कीने दोन्ही बाजूंनी घोळ. यावर एडिटर सोडायची गरज नाही: मॅकवर सजेशनसाठी कमांड-आय आणि ऑप्शन-एस्केप या जादा कीज आधीपासून दिलेल्या आहेत. किंवा सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्सखाली इनपुट सोर्सेस हा भाग उघडून तिथला शॉर्टकट बदला. मी दुसरा उपाय निवडेन, कारण बोटांना कंट्रोल-स्पेसची सवय इतर एडिटरांतूनही लागलेली असते.

येतं, पण मोडकं येतं

डॉलर. निम्मी भांडणं याच्यावरून. ही स्निपेट-भाषा मॅकवरच्या टेक्स्टमेट या एडिटरकडून आली आहे. तो २००४ साली आला. व्हीएस कोड २०१५ चा. म्हणूनच फाइलचं नाव, निवडलेला मजकूर वगैरे देणाऱ्या कितीतरी व्हेरिएबलांची नावं आजही ‘टीएम’ने सुरू होतात. या भाषेत डॉलरनंतर अक्षरं आली की ते व्हेरिएबल, आणि ओळखीचं नसेल तर एडिटर डॉलर गाळून नुसतं नाव ठेवतो, वर त्याला टॅबचा थांबाही बनवतो. पीएचपीचं ‘डॉलर यूजर’ लिहावं तर नुसतं ‘यूजर’ उमटतं, तेही निवडलेल्या अवस्थेत. जावास्क्रिप्टच्या बॅकटिकमधला डॉलर-महिरपी कंस आणि शेलमधली व्हेरिएबलं यांचीही हीच गत. गंमत म्हणजे जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीचा डॉलर सुखरूप राहतो, कारण त्यानंतर लगेच गोल कंस येतो आणि तो व्हेरिएबलचं नाव होऊ शकत नाही. त्यामुळे ‘त्या स्निपेटमध्ये डॉलर चालतो मग यात का नाही’ हा प्रश्न पडतो.

उपाय म्हणजे डॉलरच्या आधी बॅकस्लॅश. पण फाइल जेसन आहे आणि जेसनमध्ये एक बॅकस्लॅश मिळवायला दोन लिहावे लागतात. म्हणून फाइलमध्ये \\$ असं दिसायला हवं. एकच लिहिलात तर जेसनला तो चुकीचा वाटतो. थांब्याच्या आत बंद होणारा महिरपी कंस मजकूर म्हणून हवा असेल तर त्यालाही हेच.

लाटेक ही दस्तऐवज मांडण्याची भाषा वापरणाऱ्यांचे हाल याहून वाईट. लाटेकची प्रत्येक कमांड बॅकस्लॅशने सुरू होते. एकच बॅकस्लॅश देऊन ‘टेक्स्टबीएफ’ लिहिलं तर जेसन पहिल्या ‘टी’सकट त्याला टॅब समजतो, उमटतं ते थोडी मोकळी जागा आणि पुढे ‘ई’पासूनचा शब्द. ‘न्यूकमांड’चा ‘एन’ नवी ओळ होऊन निघून जातो. इथे दोन बॅकस्लॅश पुरतात. पण ओळ तोडण्याची लाटेकची खूणच मुळात दोन बॅकस्लॅशची आहे. ती मिळवायला जेसनसाठी दुप्पट आणि स्निपेटसाठी पुन्हा दुप्पट, म्हणजे आठ लिहावे लागतात. दिसायला भयंकर, पण बरोबर.

बॉडीतली प्रत्येक ओळ वेगळ्या डबल कोटमध्ये, मध्ये कॉमा, बाहेर चौकटी कंस. ओळ आत सरकवायला स्पेस मोजून देऊ नका, बॅकस्लॅश-टी लिहा. एडिटर त्याचं रूपांतर त्या फाइलच्या सेटिंगप्रमाणे करतो, मग कुणी दोन स्पेस वापरो, कुणी चार. हाताने दिलेल्या स्पेस मात्र तशाच राहतात, आणि पायथनमध्ये त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

काही स्निपेटं प्रीफिक्सने मागवण्यापेक्षा थेट कीवर बरी पडतात, विशेषतः कॉमेंट आणि मार्कडाउनमध्ये लागणारी. कीबाइंडिंग्जच्या, म्हणजे शॉर्टकट कीज ठरवणाऱ्या, जेसन फाइलमध्ये ‘एडिटर डॉट अ‍ॅक्शन डॉट इन्सर्टस्निपेट’ ही कमांड द्यायची आणि आर्ग्युमेंटमध्ये भाषेची ओळख व स्निपेटचं नाव लिहायचं. इथे पुष्कळ जण प्रीफिक्स लिहून बसतात. हवं असतं ते फाइलमधलं पूर्ण नाव, स्पेस आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट. पुढे कधी त्या स्निपेटचं नाव बदललंत तर की दाबूनही काही होणार नाही, एररही दिसणार नाही. नाव दोन्हीकडे बदला.